वटारची बंद पडणारी पिकअप

आमची पिकअप जुनी आहे, पण माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तरी ती बंद पडायला लागली तेव्हा घरच्यांनी दोष दिला तो माझ्या वयाला.

वटारच्या वाडीतला चाफा आणि केळीची पानं विरारच्या बाजारात न्यायची, हे काम मी आजवर कुणाच्या हाती दिलेलं नाही. गाडी छान चालायची आणि मधेच गप्प व्हायची. किल्ली फिरवली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. मुलगा दुसऱ्या कामाला घेऊन गेला की मात्र एकदाही बंद पडायची नाही.

"बाबा, गाडीत काही नाही," तो म्हणाला. "तुमचा पाय क्लचवरून सटकतो."

"मी गाडी शिकलो तेव्हा तुला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं."

मी चौथीत शाळा सोडली, पण माझा पाय कुठे आहे ते मला कळतं. गाडी मनवेलपाड्याच्या मेकॅनिककडे ठेवली. त्याला गाडीची किल्ली तेवढी काढून दिली. जुडगा मी कुणाच्या हाती देत नाही, मुलाच्याही नाही. त्यात वाडीच्या फाटकाची किल्ली, पंपाच्या खोलीची, कपाटाची, दोन ट्रंकांची, पाडलेल्या जुन्या घराचीसुद्धा, आणि आमच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा. घरात कर्ता कोण, हे आमच्याकडे जुडग्यावरून ओळखतात.

मेकॅनिककडे गाडी शहाण्या पोरासारखी चालली. त्याने फिल्टर बदलला, टाकी धुतली, डिझेलच्या पाइपात हवा शिरते का तेही बघितलं. मी जुडगा पुन्हा लावून घरी निघालो आणि पहिल्याच ब्रेकरवर गाडी बंद.

फोन केला तर तो विचारतो, "काका, बंद पडते तेव्हा समोरचे लाल दिवे लागतात की सगळेच विझतात?"

"मी रस्ता बघतो. दिवे बघत नाही."

शेवटी मुलाने अट घातली. "मी एकदा बरोबर येतो. बंद पडली तर उद्यापासून बाजारात गाडी मी नेणार." मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर घाबरलो असं झालं असतं.

बायकोला सुकट घ्यायची होती म्हणून तीही आली. ती मधे बसली, मुलगा खिडकीकडे. आमच्या गाडीत किल्ली डाव्या हाताला लागते, म्हणजे जुडगा तिच्यासमोरच लटकत होता.

"डोकं उठलं या घंटेने," ती म्हणाली आणि तिने अख्खा जुडगा खालून मुठीत धरला.

बोळिंजचे ब्रेकर गेले, खड्डे गेले. गाडी बंद पडली नाही. प्रत्येक खड्ड्यानंतर मी मुलाकडे बघत होतो आणि तो बाहेर बघत होता.

बाजारात बायको सुकट घ्यायला उतरली. फुलवाल्याच्या गाळ्यापर्यंत गाडी पुढे घेतली, वाटेत एक खड्डा, आणि गाडी गप्प. मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"थांब," मी म्हणालो. "तुझी आई बसली होती तोवर चालली. सीटखाली वायर सुटली असणार. तिच्या वजनाने दबून राहते."

"हे तिच्यासमोर बोलाल?"

"तू मधे बस."

तो मधे सरकला. माल उतरवून परत त्याच खड्ड्यातून आलो. गाडी पुन्हा बंद.

"मी हलका पडलो," तो म्हणाला.

तेवढ्यात बायको पिशवी घेऊन आली. ती मधे बसली, जुडगा मुठीत धरला, आणि मी हट्टाने गाडी वळवून त्याच खड्ड्यात घातली. चालूच.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी काय करणार? घंटा धरलीय."

मी गाडी बाजूला घेतली. तिला जुडगा सोडायला सांगितला आणि तो बोटाने जरा खाली ओढला. इंजिन बंद, समोरचे दिवेही विझले. पुन्हा चालू करून पुन्हा ओढला. पुन्हा तेच. मेकॅनिकला फोन लावून मीच सांगितलं, की खोट किल्लीच्या कुलपात आहे.

तिघं तशीच गाडी त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने कुलपामागचा स्विच काढून दाखवला. ओझ्याने झिजला होता. "नवा बसवतो काका, पण किल्ली एकटी लावायची. जुडगा लावलात तर हाही जाणार."

"अट तुम्ही हरलात," मुलगा म्हणाला. "गाडी बंद पडली."

"पडली नाही. जुडग्याने पाडली. माझा पाय जागेवर होता."

तो आईकडे बघायला लागला. तिने पदराला हात पुसले आणि हात माझ्यापुढे केला. "गाडी यांनाच चालवू दे. जुडगा मी सांभाळते. आता धरायची सवय झालीय."

गाडी मीच नेतो. त्या दिवसानंतर ती एकदाही बंद पडलेली नाही. संध्याकाळी वाडीला पाणी सोडायचं असलं की बायकोकडे पंपाची किल्ली मागावी लागते.

"कशाला हवी?" ती विचारते.

"पाणी सोडायला."

"सकाळी सोडलं होतंत ना?"

जुडगा आता तिच्या कमरेला असतो. दिवसभर घरात घंटा वाजते. तिचं डोकं काही उठत नाही.