फक्त दैवशालाचा फोन

भारत परतूर-आष्टी रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. कुठं कोण उभं आहे, गाडी कुठं थांबवायची, हे मात्र घरी बसून त्याची बायको दैवशाला सांगायची. नियम तिचाच होता. प्रवाशांनी फोन तिला करायचा, भारतला बिलकुल नाही.

"गाडीत त्यांना कोणी फोन करायचा न्हाई. एक हात स्टेरिंगवरून सुटला की संपलं."

भाकरी थापता थापता ती फोनवर लोकांच्या सीटा धरायची. लोक म्हणायचे, "वहिनी, एसटीच्या कंट्रोलरला पगार तरी असतो."

"रोज धडधाकट घरी येतेत, तेवढा पगार बास."

भारत खरंच कुणाचा फोन घेत नसे. फक्त तिचा घ्यायचा.

त्या दुपारी तिनंच लावला. "फाट्यावर दोन बायका उभ्या हायत, घेऊन या."

"आलोच," तो म्हणाला. फोन चालूच होता, पुढचं तिला ऐकू आलं. गावातलेच कडूबा सायकलवर होते. रिकाम्या जीपनं त्यांना उडवलं.

भारत जामिनावर सुटला. फोन झाल्याचं पोलिसांना कळलंच होतं. म्हणून वकिलानं दोघांना पढवलं, की गाडी कडेला उभी केली, बोलणं झालं, फोन ठेवला, मग गाडी काढली. "बोलता बोलता माणूस मारला असं ठरलं तर कित्येक वर्षं आत जातील. अन् ते सांगणारी एकटी तुमची बायको हाय."

तेरावं झाल्यावर कडूबांची बायको तुळजाबाई दारात आली. भारत उठून उभा राहिला.

"बसा ना, मावशी," दैवशाला म्हणाली.

"बसायला न्हाई आले, अन् भांडायला बी न्हाई. केस-बीस मला कळत न्हाई. लोक म्हणून राह्यले, तू फोनवर व्हतीस. मी घरी तूर निवडत बसल्ते गं. शेवटी काही बोललं का आमचं माणूस?"

भारत मध्येच म्हणाला, "फोन आधीच ठेवला व्हता, मावशी. गाडी उभी करून..."

"तुला न्हाई इचारलं."

पढवलेलं वाक्य दैवशालाच्या तोंडात तयार होतं. फोन तर ठेवला होता, मला काय ऐकू येणार, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी गेली असती, नवरा घरात राहिला असता. तुळजाबाई तिच्या ओठांकडं बघत होती.

"पाणी मागितलं," दैवशाला म्हणाली.

"तुझ्या कानानं ऐकलं?"

"हो."

"मंग? दिलं का कोणी?"

दैवशालानं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "ते न्हाई माहीत, मावशी. यांनी तेवढ्यात फोन बंद केला."

तुळजाबाई भारतसमोर जाऊन उभी राहिली. "आता तू सांग."

"बाटली व्हती गाडीत," भारत म्हणाला. "मी खाली उतरलोच न्हाई."