नऊ दाते

प्रभुलिंग बिराजदारांचं गॅरेज अक्कलकोट रस्त्यावर आहे. गाडीची बाकीची कामं ते घेत नाहीत. एकतीस वर्षं ते फक्त अ‍ॅक्सल उघडतात आणि त्यातले क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारे दोन दातेरी गिअर, बसवतात. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी जाते कुटं?"

हा प्रश्न त्यांना फार उशिरा सुचला. सहा वर्षांपूर्वी करकंबच्या एका माणसानं सांगितलं, गाडीला जास्तीत जास्त ओढ पाहिजे. प्रभुलिंगनी काही न विचारता तसे गिअर घातले. तो माणूस रोज हायवेवर नव्वदनं पळणारा निघाला. अशा गिअरला त्या वेगात इंजिन प्रमाणाबाहेर फिरतं. एके दिवशी भर रस्त्यात ते जाम झालं आणि मागून टेम्पो आदळला. माणूस वाचला, पण त्याच्या मनगटात सळई बसली. तेव्हापासून प्रत्येक काम प्रभुलिंग भीत भीतच करतात.

श्रावणात डॉक्टर चंद्रिका आल्या. कुंभारीत त्यांचा जनावरांचा दवाखाना आहे. उठू न शकणारी गाय-बैल आणायला त्यांनी एक ट्रेलर बनवून घेतला होता आणि तो ओढायला जुनी फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी एसयूव्ही घेतली होती.

"काका, परवा बरी झालेली गाय घरी सोडायला निघाले होते. तुळजापूरच्या घाटात क्लच जळाल्याचा वास आला आणि गाडी मागं सरकली," त्या म्हणाल्या. "मी ब्रेकवर उभी. रस्त्यावरच्या एका बाईनं पळत येऊन चाकाखाली दगड लावला. मागं गाय हंबरत होती. मला सगळ्यात ताकदीचे गिअर टाकून द्या."

"सगळ्यात ताकदीचे न्हाय टाकणार," प्रभुलिंग लगेच म्हणाले. "तुमी जाता कुटं?"

आठवड्यातून तीन-चारदा घाट, मधूनच मोडनिंबपर्यंत हायवे, आणि पावसात काळ्या रानातून. ऐकता ऐकता ते गाडीभोवती फिरले. टायर मूळचे नव्हते. आधीच्या मालकानं हौसेनं मोठे बसवले होते.

"हितंच मेख हाय की. चाक मोठं झालं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाती. इंजिनाला तेवढाच भार जड."

मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, एकेचाळीस दाते होते, लहान पिनियनला अकरा. पिनियन जितका लहान, तितकी ओढ जास्त आणि तितकंच इंजिन जास्त फिरणार. दहा दात्यांचा घातला असता तर मोठ्या टायरांनी खाल्लेलं तेवढं परत मिळालं असतं. ट्रेलरसाठी हाती काहीच उरलं नसतं. आठाचा घातला तर घाट हसत चढणार, पण मोडनिंबच्या रस्त्यावर इंजिन बोंबलणार. उरले नऊ.

कागदावर हिशेब चारदा बरोबर आला. तरी जेवताना ते भाकरी हातात धरून बसले. बायको सिद्धेश्वरी म्हणाली, "कुणाची गाडी हाय?"

"डॉक्टरीणबाईंची."

"मग त्यांना सांगा की, भीती वाटतीया म्हणून."

"असं कुणी सांगतं व्हय?"

नऊ दात्यांचे दोन जोड आले, एक मागच्या अ‍ॅक्सलला, एक पुढच्या. मागचा जोड बसवायला दोन दिवस गेले. दात्यांना शेंदूर लावून, फिरवून, घासल्याची खूण बरोबर मधोमध येईपर्यंत त्यांनी तो तीनदा काढला आणि तीनदा बसवला. मग पुढच्या अ‍ॅक्सलसाठी आलेल्या जोडाचा खोका उघडला. खोक्यावर नऊ छापलं होतं. सवयीनं त्यांनी दाते मोजले. दहा. परत मोजले. दहाच.

पुढं दहा आणि मागं नऊ असताना चारही चाकं एकत्र जोडली तर दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स फुटतो. नवा जोड यायला आठवडा लागणार होता.

तेवढ्यात चंद्रिका धावत आल्या. तुळजापूरच्या पुढं शिवयोगी नावाच्या शेतकऱ्याचा बैल विहिरीच्या कडेवरून घसरला होता. पाय मोडला होता, सकाळपासून आडवा होता.

"गाडी द्या काका."

"आज न्हाय." त्यांनी खोका दाखवला.

"मी पुढची चाकं जोडणारच नाही."

"चिखलात रुतल्यावर जोडाल. हात आपोआप जातोय लिव्हरवर."

 चंद्रिकांना शिवयोगीचा परत फोन आला. त्यांनी तो कापला.

प्रभुलिंग खाली वाकले. पुढच्या अ‍ॅक्सलला जुनेच, अकरा दात्यांचे गिअर होते, म्हणजे भांडण होणारच. त्यांनी त्याकडं ताकद नेणारा शाफ्टच सोडवून बाजूला ठेवला. आता लिव्हर ओढला तरी पुढची चाकं जोडली जाणार नव्हती. हात पुसत ते म्हणाले, "चला. मी बी येतो. आन् खरं सांगू? मला लई भ्या वाटतंय. नव्या गिअरला पयल्याच दिवशी वजन द्यायचं नसतंय."

"मलाही वाटतंय," चंद्रिका म्हणाल्या.

रिकामा ट्रेलर घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट निमूट चढली. तरी प्रभुलिंगनी दोनदा गाडी थांबवली, खाली सरपटून अ‍ॅक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या गोळ्याला हात लावला. गरम होता, पण हात टिकत होता. बांधावर चिखल नव्हता, हे नशीब. चारपाच जणांनी बैल ट्रेलरवर घेतला.

उताराची धास्ती चढापेक्षा मोठी होती. मागून ट्रेलर आणि बैल मिळून हजार-बाराशे किलो ढकलत होते. "ब्रेक नका दाबून धरू. दुसऱ्यातच ऱ्हावा, इंजिन धरतंय," प्रभुलिंग पुन्हा पुन्हा सांगत होते. वळणावर ट्रेलर जरा हलला, तशी त्यांनी डॅशबोर्डची कड गच्च धरली. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी सुटली नाही. घाट संपल्यावर चंद्रिकांनी गाडी कडेला घेतली आणि प्रभुलिंग पुन्हा गोळ्याला हात लावायला उतरले. मागं बैलानं शेपूट आपटलं.

बैल जगला, औताला मात्र पुन्हा जुंपला गेला नाही. आठवड्यानं बरोबर जोड आला, तोही दाते मोजूनच बसवला. हायवेवर गाडी आता सत्तरच्या वर खुशीनं जात नाही आणि डिझेल थोडं जास्त पिते, हे चंद्रिकांनी तोंडावर सांगितलं.

प्रभुलिंगचा घोर काही गेला नाही. घाटाचा दिवस असला की ते फोन करतात. आवाज येतो का, वास येतो का, विचारतात. परवा चंद्रिका म्हणाल्या, "आवाज नाही, वास नाही. आता ठेवा काका, इथं एक गाय उठायला बघतीय."