खंडेनवमीचा रेडिओ

दौलतराव भूगोल शिकवत आणि मी चित्रकला. बदलापूरच्या हायस्कुलात आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचा चहा आणि त्यांचा राग दोन्ही माझ्या वाट्याला यायचे. माणूस तापट, पण पोरांवर जीव टाकणारा. मुंबईचं बंदर त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं असेल कोण जाणे, आणि मागच्या बाकांवर तितक्याच डुलक्या लागल्या असतील.

छप्पन साली ठाण्याला खेटे घालून त्यांनी शाळेसाठी बॅटरीवरचा रेडिओ मिळवला. अट एकच होती. दसऱ्याच्या सुमारास शिक्षण खात्याचे साहेब येऊन बघणार. पोरांना उपयोग दिसला तर रेडिओ राहील, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाईल.

"गेला तर त्याच्या मागोमाग मीही जाईन," दौलतराव म्हणाले. त्यांचा काही नेम नव्हता.

पहिल्या दिवशी शाळांसाठीचा कार्यक्रम लागला आणि नववीचा वर्ग चक्क हात जोडून बसला. संपल्यावर दौलतरावांनी विचारलं, "काय ऐकलंत?"

"आवाज लय गोड होता, सर," पदू म्हणाला.

दौलतराव उखडले. "देव आहे का तो? हात काय जोडता! हा आपला नांगर आहे, नांगर. नांगराकडे नुसतं बघून पीक येतं का?"

मग त्यांनी नियमच केला. रेडिओ बंद झाला की पोरांनी त्याच्याशी भांडायचं. काय पटलं, काय नाही, काय राहून गेलं. तोंडाला कुलूप लावून बसणारी पोरं बोलायला लागली. बेलवलीच्या शेतकऱ्याची सरू तर रेडिओच्या नाकी नऊ आणायची. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटे.

साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. आम्ही वर्गात शिरलो, तर रेडिओला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. दौलतराव बटण फिरवायला गेले तसा वर्ग ओरडला, "सर, नको!"

सरू उभी राहिली. "आज अवजाराला हात लावत नाय, सर. आमच्या घरचा नांगर पन आज पूजेत हाय. तुमीच सांगितलंत ना, ह्यो आपला नांगर हाय म्हनून?"

स्वतःचंच वाक्य गळ्यात पडलेलं, आता ओरडणार कोणावर? दौलतरावांचा चेहरा बघवेना.

"मग मी काय बघू?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या सोमवारचं भांडन बघा," पदू म्हणाला. त्या दिवशी भातशेतीवर कार्यक्रम झाला होता. पदूने रेडिओचा भारदस्त आवाज काढला: बी निवडा, वाफे करा, रोपं लावा.

सरूने त्याला मध्येच अडवलं. "आनी राब? पालापाचोळा जाळून आधी जमीन भाजायची, मग बी पेरायचं. ते कुठं गेलं?" मागून कोणी म्हणालं, सगळीकडे राब करत नाहीत, देशावरची माती वेगळी. झालं! नकाशा उतरला, पाऊस निघाला, माती निघाली. तासाची घंटा झाली ती कोणी ऐकलीच नाही.

साहेब खूश झाले आणि तिथेच घात झाला. "दौलतराव, वर्ग उत्तम! पण रेडिओवाचून इतका रंगतो, तर रेडिओ हवा कशाला? गरजू शाळेला देऊ."

दौलतराव मटकन खुर्चीत बसले.

सरू अजून उभीच होती. "साहेब, ह्यो नव्हता तवा आमी भूगोलाला झोपायचो." वर्ग हसला, दौलतरावांनी मान खाली घातली. "सरांशी भांडायची आमची छाती नाय. ह्याच्याशी भांडून भांडून आमाला तोंड फुटलं. ह्यो गेल्यावर भांडायचं कोनाशी?"

साहेबांनी हसू दाबत दौलतरावांकडे पाहिलं. "आज अवजाराला हात लावत नाहीत म्हणे. मग मी तरी कसा उचलून नेऊ? फोडा तो नारळ."

दौलतरावांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा सरूला दिला. "उद्यापासून माझ्याशीही भांडायचं," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला फळ्याकडे वळले.