निम्मा होऊन येतो

लग्नात माईकवर बोलणं हा माझा धंदा. तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत वधूवरांची ओळख करून द्यायची, रुसलेल्या पाहुण्यांना मानानं पुढं बोलवायचं आणि जेवणं तयार आहेत हे कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचं. हसवायला मला दुसरं गिऱ्हाईक लागत नसे. माझं पोट स्टेजवर माझ्या आधी पोचायचं. "नवरदेवाला घोडा मिळाला, मला मात्र घोडेवाला लांबूनच नमस्कार करतो," एवढं म्हटलं की मांडव हलायचा.

मग गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. दिवाळीनंतर पुण्यातल्या डॉक्टरांनी माझ्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. वडिवळ्याला दिलेली माझी धाकटी बहीण तेव्हा घाबरली होती. तिनं गावदेवीला नवस बोलला, की दादा सुखरूप घरी आला तर चैत्राच्या यात्रेत त्याची तांदळानं तुला करीन. त्यांच्याकडं ही जुनी रीत आहे. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात घरच्या शेतातला तांदूळ, आणि तो तांदूळ त्याच दुपारी गावाच्या पंगतीला शिजतो.

पहिले दोन महिने वजन असं उतरलं, की पॅन्टला नाडी बांधून फिरायची पाळी आली. लोक वळून बघायचे. त्या तोऱ्यात मी कामशेतच्या एका लग्नात माईकवर जाहीर केलं, "चैत्रात वडिवळ्याला माझी तुला आहे. निम्मा होऊन येतो. बहिणीचा तांदूळ वाचवतो." टाळ्या पडल्या. मुलीकडचं निम्मं वऱ्हाड वडिवळ्याचंच होतं, हे मला टाळ्या संपल्यावर कळलं.

त्यानंतर काटा थांबला. एक आठवडा, दुसरा, तिसरा. मी न्हाणीघराबाहेर वजनकाट्यावर उभा राहायचो, उतरायचो, फरशी बदलून पुन्हा चढायचो. आकडा तोच. यात्रेत निम्मा दिसलो नाही तर ऑपरेशन वाया गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून प्रोटीनची पावडर बंद केली, घोट घोट पाणी प्यायचं सोडलं, संध्याकाळचं वरणही बायकोच्या नकळत मोरीत ओतायला लागलो. भूक लागत नव्हतीच. ती ऑपरेशनबरोबर गेली होती आणि जाताना बरंच काही घेऊन गेली होती. पंगतीत जिलेबी फिरायची आणि मला ती बघून काहीच वाटायचं नाही. लोक हसायचे तेव्हाही वाटायचं नाही. जुने विनोद मी सवयीनं करायचो, पण पोटाच्या जागी आता सैल सदरा लोंबायचा. लोक आधी त्या सदऱ्याकडं बघायचे आणि मग हसावं की नाही ते ठरवायचे.

एका लग्नात मंगलाष्टकांच्या मधेच डोळ्यांपुढं अंधारी आली. मी स्टेजवरचा फुलांचा खांब धरला, खांब माझ्यासकट कलला. दुसऱ्या दिवशी बायकोनं मला आहारतज्ज्ञ बाईंपुढं नेऊन बसवलं. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या.

"काका, निम्मे व्हाल असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मीच."

"कुणाला?"

"चारशे लोकांना."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुरुवातीला भराभर उतरतं, त्यात पाणीही असतं. मग शरीर मधेच थांबतं. कधी दोन-तीन आठवडे, कधी जास्त. पुन्हा हलतं, पण हळू. वर्ष-दीड वर्ष धरून चाला. आणि शेवटी राहील ते वजन तुमच्या मनातलं नसेल, तुमच्या अंगाला जमेल तेवढं असेल. उपाशी राहिलात तर आधी ताकद जाईल. केस तर चाललेच आहेत. हे सगळं मी ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तेव्हा हे नर्सना उखाणे घ्यायला लावत होते."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. घरी येऊन मी पावडर पाण्यात कालवली, प्यायलो, आणि काटा कपाटावर ठेवून दिला. पण यात्रा चार दिवसांवर होती.

देवळापुढच्या चिंचेला भाताची पोती तोलायचा जुना तराजू टांगला होता. गावाला मी मामा. मामा निम्मा झाला का ते बघायला लहानथोर सगळे जमले होते. मी पारड्यात मांडी घातली. दाजींनी समोरच्या पारड्यात पहिलं पोतं ठेवलं. दुसरं ठेवलं. पारडं हललं नाही. तिसरं अर्धं ओतलं.

"मामा, माईकवर तर येगळंच बोल्ला व्हता," मागनं कुणीतरी म्हणालं.

दाजी पायली भरभरून ओतत होते. मी तांदळाकडं बघत होतो. अखेर माझं पारडं सावकाश वर उचललं गेलं. निम्मा कुठला, रुपयात जेमतेम दोन आणे कमी झालो असेन.

तेवढ्यात चुलवणाजवळ बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाबा, लय उतरला न्हाईस. पंगत पुरंल. निम्मा आला असतास तर आमी काय शिजवलं असतं?"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मनापासून. आचारी तर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

बहीण पारड्याशी आली. अजून एक ओंजळ तांदूळ तिनं पलीकडं टाकला.

"आगं, समान झालंय की," दाजी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. म्या वजनाचा नवस बोलले नव्हते. जित्या माणसाचा बोलले होते." मग माझ्याकडं वळून, "दादा, व्हट सुकल्यात तुजं. पाणी पी आदी."

मी घोट घोट प्यायलो. ती समोर उभी राहून बघत होती.

पंगतीत तिनं मला चमचाभर भात आणि वाटीभर घट्ट वरण वाढलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणं मी आधी वरण संपवलं, मग भात. एकेक घास सावकाश चावत राहिलो. चव लागली का, तर सांगता येत नाही. ऊन ऊन होता एवढं कळलं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठायला आली. आचारी रिकामं पातेलं घेऊन माझ्यापुढं थांबला.

"मामा, आजून चाललंयच?"

"चाललंय," मी म्हणालो. "दीड वर्ष लागंल म्हणतात."

तो हसला नाही. त्याला भांडी घासायची होती. मी पुढचा घास घेतला.