मामांनी तीन कॅट मिसळले तेव्हा

लग्न होऊन नागपुरात आल्यावर वर्षाच्या आत मला पत्ते मोजता येऊ लागले. माझे यजमान कॉलेजात गणित शिकवायचे. परदेशात शिकून आलेल्या मित्राने त्यांना एकविसाच्या डावातली एक युक्ती सांगितली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

डाव साधा. दोन पानं मिळतात, हवं तर आणखी मागायची. एकविसाच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, वर गेलात की डाव जळाला. चित्रं दहाची, एक्का एकाचा किंवा अकराचा. प्रत्येक जण वाटणाऱ्याविरुद्ध खेळतो, आणि वाटणाऱ्याचं एक पान उघडं असतं, एक झाकलेलं. युक्ती एवढीच, की पडून गेलेलं पान पुन्हा येत नाही. लहान पानं जास्त गेली, तर उरलेल्या कॅटात मोठी जास्त, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं. म्हणून लहान पान दिसलं की मनात एक वाढवायचा, मोठं दिसलं की एक कमी करायचा. दहाची पानं आणि एक्के किती गेले, तेही वेगळं लक्षात ठेवायचं. कुकरची शिटी होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भराभर पानं उलटायची आणि आम्ही दोघं मनातल्या मनात मोजायचो.

खेळ व्हायचा यजमानांच्या मामांकडे. इतवारीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, वर घर. गणपतीपासून दिवाळीपर्यंत रविवारी दुपारी गादीवर बैठक बसायची. मामा वाटायचे, शेजारचे दोन दुकानदार आणि हे खेळायचे. चिल्लरचाच खेळ. मी मामींबरोबर चहा करायची आणि मग ह्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसायची. हे सारखे जिंकत होते, आणि मामा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

एका रविवारी मामांनी वाटता वाटता हात थांबवला.

"काहून गा भाच्या, ओठ काहून हालून राहिले तुझे?"

ह्यांनी ओठ मिटून घेतले.

"अन् घडीघडी सूनबाईकडे पाहून राहिला. माह्या घरी बसून दोघं मिळून मलेच खुणा करून राहिले का?"

दुकानदारांनी आपली पानं खाली ठेवली. आम्ही एकही खूण कधी केली नव्हती, पण ते सिद्ध कसं करणार?

"खूण नाही मामा," हे म्हणाले. "पडलेले पत्ते मोजून राहिलो."

"मोजून राहिला? मंग सांग, माह्या हातात काय उरलं?"

ह्यांच्या कपाळावर घाम होता. "दहाची पानं पाच. एक्का एक."

माझ्या मोजणीत दहाची चारच होती. हे घाबरून चुकले होते, आणि आता मामा पानं उलटणार होते. उलटलीच त्यांनी, एकेक, गादीवर आपटत. राजा. तिरी. दश्शी. सत्ती. एक्का. गुलाम. पंजी. आणखी एक राजा. आता एकच पान उरलं होतं. मामांनी ते अंगठ्याने सरकवलं. राणी.

चहा देताना मीच एक चित्र दोनदा मोजलं होतं.

मामांनी ती पानं गोळा केली. मग म्हणाले, "चोर नाहीस तू. पण असं नाही खेळू देणार मी." त्यांनी मामींकडून आणखी दोन कॅट मागवले, तिन्ही एकत्र पिसले आणि अर्धे संपले की पुन्हा पिसू लागले.

तिथेच थांबायला हवं होतं. मोजणीत आता दम उरला नव्हता. पण ह्यांच्या लक्षात आलं, की मामांची जाड बोटं नीट पिसत नाहीत. पानांचे गठ्ठे तसेच राहतात. मोठ्या पानांचा गठ्ठा पिसताना कुठे जातो, त्यावर डोळा ठेवायचा! घरी तीन कॅट आले. वर्गाचे पेपर तपासायचे राहू लागले. जेवताना हाक मारली तरी हे वर पाहत नसत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ह्यांनी अचानक मनगटावरचं घड्याळ काढून गादीवर ठेवलं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं.

"घड्याळ नको लावू गा," मामा म्हणाले.

"लावतो मामा. वाटा."

गठ्ठा मीही पाहिला होता. वरच होता तो, चित्रांनी भरलेला. ह्यांना राजा आणि छक्की आली. सोळा. मामांचं उघडं पान राणी. आणखी मागितलं तर चित्र येणार आणि डाव जळणार. ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मामांनी दुसरं पान उलटलं. गुलाम. त्यांचे वीस झाले.

हिशोब बरोबरच होता. मोठी पानं आली होती, पण मामांनाही आली होती.

मामा घड्याळाला हात लावेनात. मी उठले, खाली वाकले आणि ते उचललं.

"मामा, हे माझ्या वडिलांनी दिलंय. मला न विचारता ह्यांनी ते लावायला नको होतं."

ह्यांचा चेहरा उतरला. सासरच्या माणसांपुढे मी असं कधी बोलले नव्हते. मामा काय म्हणतात याची वाट पाहत मी उभी राहिले.

"खरं बोलून राहिली सूनबाई," मामा सावकाश म्हणाले. "ने वं. अन् यालेही घरी ने."

घरी पोचल्यावर दाराची कडी काढताना हे म्हणाले, "मोजणं चुकलं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले. "म्हणूनच भीती वाटते."

अजूनही ओळखीतलं कुणी विचारतं, पत्ते मोजण्यात काही अर्थ आहे का. एकच कॅट असेल, तो शेवटपर्यंत वाटत असतील, तर थोडा आहे. त्याहून पुढच्या युक्त्याही असतात आणि त्या खऱ्याही असतात. पण त्यांतून मिळणारा फायदा नखाएवढा, आणि तोही शेकडो डावांनंतर. समोरच्या एका डावाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. आणि तोवर घरातलं माणूस घरात नसतं.

ते तीन कॅट ह्यांनी स्वतःच कुणाला तरी देऊन टाकले. नंतर रविवारी दुपारी आम्ही तेलंगखेडीच्या बागेत जाऊ लागलो. सुरुवातीचे काही रविवार काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.