अंकल म्हणजे नेमके कोण

चीनहून आलेली लिन माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. काल मी तिला ‘अंकल’ या शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. ती हळूच म्हणाली, ‘‘माझे अंकल गेल्या आठवड्यात वारले.’’ वाक्य बिनचूक होतं. पण मराठी माणसाचं एवढ्यावर कुठे भागतं? मी विचारलं, ‘‘आईचे भाऊ की वडिलांचे?’’

तिने चमकून वर पाहिलं. ‘‘आईचे. धाकटे.’’

म्हणजे मामा. सुट्टी लागली की न्यायला येणारा, आईसमोर आपली बाजू घेणारा. कोण गेलं हेच नीट कळलं नाही, तर सांत्वन तरी कसलं करायचं?

‘‘तुमच्या भाषेत तू त्यांना काय म्हणायचीस?’’

‘‘च्योच्यो,’’ ती म्हणाली, अंगणातून हाक मारावी तशी. मग आम्ही दोघी कान देऊन बसलो, जणू आतून कोणी ओ देणार होतं.