लेकीच्या कॉम्प्युटरचं तिसरं कॅबिनेट

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? ह्यांनी थ्रीडी प्रिंटर आणला आणि लेकीच्या कॉम्प्युटरला घरी केलेलं कॅबिनेट घालायचा ध्यासच घेतला.

लेक कार्टूनची हलती चित्रं करते. तिची खोली गच्चीवर, वर पत्रा. दुपारी तिथे पाय ठेववत नाही, आणि तिचा कॉम्प्युटर दोन-दोन दिवस अखंड चालतो. पहिलं कॅबिनेट ह्यांनी हिरव्या पीएलएच्या फिलामेंटचं, म्हणजे गुंडाळीवर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या तारेचं केलं, कारण ते छापायला सगळ्यात सोपं. उन्हाळा लागला तशी त्याची वरची बाजू खाली बसली. दुसरं पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकचं. ते उभं राहिलं, पण मागची जाळी वाकून फॅनला घासायला लागली. दोन्ही वेळा लेकीनं घर डोक्यावर घेतलं. "बाबा, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, तुमची प्रयोगशाळा नाही ही!" मग बापलेकीचा अबोला. निरोप पोचवायला मी होतेच.

मग एका कंपनीनं तिच्याकडे नमुन्याची फिल्म मागितली. सोमवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची, आवडली तर कायमची नोकरी. आणि नेमकं तेव्हाच ह्यांचं सुरू झालं, "एकदाच संधी दे, या वेळी एबीएस वापरतो."

माझ्या दुधाच्या पातेल्यात पाणी उकळून ह्यांनी तिन्ही फिलामेंटच्या पट्ट्या बुडवल्या. एबीएसची तेवढी ताठ राहिली. पण छापताना वारा लागला की एबीएसचे कोपरे उचलले जातात म्हणे. झालं! अकरा दिवस खिडक्या बंद, पंखा बंद, घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. माझं डोकं उठलं. तरी कॅबिनेट सुरेख झालं, खोटं कशाला बोलू? लेकीनंही हसून मान डोलावली.

शनिवारी सकाळी तिनं कॉम्प्युटरवर फिल्म तयार करायला लावली. रविवारी दुपारी कॉम्प्युटर बंद पडला.

उघडून पाहिलं तर बाहेरून कॅबिनेट धडधाकट. आत चित्रं तयार करणाऱ्या जड ग्राफिक्स कार्डाला खालून धरणारा टेकू मात्र मऊ होऊन लोंबत होता, आणि कार्ड खाचेतून निसटलं होतं. टेकू हिरवा होता. तो रंग मी ओळखला.

"अहो, हे पहिल्या गुंडाळीतलं ना? पीएलए?"

"थोडं उरलं होतं," हे पुटपुटले. "आतलंच तर आहे, दिसणार कुणाला?"

जन्मभर एक स्क्रू कधी फेकला नाही या माणसानं!

"आणि तापतं कुठून? आतूनच ना?" मी ओरडले. माझा नुसता संताप झाला होता. अकरा दिवस घामानं निथळले ते याच्यासाठी?

पुन्हा सुरुवात करायची तर दोन दिवस लागणार होते. हातात एक दिवससुद्धा नव्हता. लेकीनं कार्ड पुसून टेबलावर ठेवलं. "असू दे बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "विकतचं कॅबिनेट आणते मी." आणि चपला घालून निघून गेली.

ह्यांनी तो हिरवा टेकू काढून हातात घेतला. मग माझ्याकडे वळले.

"आज ती भांडली का नाही गं?"

का नाही भांडली, ते मला माहीत होतं. एरवी माझं तोंड बंद नसतं, पण हे काही माझ्याच्यानं सांगवेना.